दूरचा फोटो : लेन्स घेण्याआधीचा हिशेब

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेले भाषण. छपाईसाठी थोडे नीटनेटके केले आहे.)



या व्याख्यानासाठी दरवर्षी कुणीतरी प्राध्यापक किंवा डॉक्टर बोलावले जातात. यंदा चिटणीसांनी मला पकडले. मी अमरावतीच्या तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका घेतलेला साधा पी-वेचा माणूस. वीस-बावीस वर्षे रूळ, खडी आणि स्लीपर यांच्यात काढलेली. फोटोग्राफी हा माझा रविवारचा उद्योग. त्यामुळे कला, सौंदर्यदृष्टी वगैरे विषयांवर मी बोलणार नाही. बोलायचे आहे ते एका व्यवहाराच्या प्रश्नावर, कारण हा प्रश्न मला आपल्या कॉलनीत महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतोच. बोनस झाला, एरिअर्स मिळाले की येतात आणि म्हणतात, "साहेब, लांबचे फोटो काढायचे आहेत. कोणती लेन्स घेऊ?"

मी उलट विचारतो, "कशाचा फोटो? आणि तुम्ही किती लांब उभे राहणार?" यावर बहुतेकांचे उत्तर असते, "ते काय, सगळ्याचाच. पक्षी, वाघ, चंद्र, मुलीचा स्टेजवरचा नाच." आणि मग दुकानदाराने सांगितलेला एक आकडा पुढे येतो. तो आकडा असतो एक्सचा.

तर आधी या एक्सचा निकाल लावू. कॅमेऱ्यावर ८३ एक्स लिहिले म्हणजे तो ८३ पट लांबचे पाहतो असा समज आहे. तसे नाही. एक्स म्हणजे त्या लेन्सचे सर्वांत लांबचे टोक भागिले सर्वांत जवळचे टोक, एवढेच. १८ ते ५५ ची किट लेन्स म्हणजे तीन एक्स. १५० ते ६०० ची भलीमोठी दोन किलोची लेन्स म्हणजे चार एक्स. एक्स पाहून लेन्स घेणारा माणूस १८ ते १४० ची जवळजवळ आठ एक्सची लेन्स घेईल आणि ती दुसरीपेक्षा दुप्पट लांबचे पाहते असे समजून घरी जाईल. लांबचे किती मोठे येणार हे ठरते शेवटच्या मिलिमीटरवरून, म्हणजे फोकल लेंथवरून. बाकी सगळी जाहिरात.

आता मिलिमीटर म्हणजे हातात काय पडते? इथे मी तुम्हाला एक भागाकार देतो. शाळेत आपण सगळे समरूप त्रिकोण शिकलो, त्यातलाच आहे. लेन्सचे मिलिमीटर घ्या आणि त्याला वस्तूच्या मीटरमधल्या अंतराने भागा. उत्तर येईल ते असे, की एक मीटर उंचीची वस्तू तुमच्या सेन्सरवर तितके मिलिमीटर उंच उमटेल. ५०० ची लेन्स, वस्तू १०० मीटरवर, तर उत्तर ५. म्हणजे मीटरभर उंचीची वस्तू सेन्सरवर पाच मिलिमीटर. आपल्यापैकी बहुतेकांकडे जो कॅमेरा असतो, ज्याला क्रॉप सेन्सर म्हणतात, त्याचा सेन्सर सुमारे २४ मिलिमीटर रुंद आणि १६ मिलिमीटर उंच असतो. तेव्हा पाच मिलिमीटर म्हणजे चौकटीच्या उंचीचा तिसरा हिस्सा. झाला हिशेब. यापुढे दुकानदाराला काही विचारण्याची गरज नाही.

हा भागाकार घेऊन आपण आपल्या आसपास फिरून येऊ.

प्रथम कान्हा, कारण जबलपूरचा प्रत्येक माणूस पाहुणे आले की त्यांना कान्ह्याला नेतो. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांत पर्यटकांच्या गाडीने प्राण्यापासून किमान २० मीटर लांब राहावे असे सांगितले आहे. समजा वाघ नेमका त्या २० मीटरवर आहे. शेपटी सोडून तो साधारण १.८ मीटर लांब धरू. २०० ची लेन्स लावली तर २०० भागिले २० म्हणजे दहा, गुणिले १.८, म्हणजे १८ मिलिमीटर. चौकट २४ ची. वाघ नाकापासून ढुंगणापर्यंत पूर्ण बसला आणि पुढेमागे थोडे जंगलही आले. आता त्याच जागी ६०० ची लेन्स लावा. वाघ ५४ मिलिमीटर होईल. म्हणजे फोटोत फक्त तोंड. तेही जिप्सीत सहा माणसे हलत असताना. वाघासाठी ६०० हवीच असे जे सांगतात ते वाघ क्वचित जवळून पाहतात, असे माझे प्रामाणिक मत आहे.

पक्ष्यांचे मात्र उलटे आहे. आपल्या नर्मदेच्या घाटावर बसणारा छोटा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत १६ सेंटिमीटरचा. १५ मीटरच्या आत तो माणसाला क्वचितच येऊ देतो. ३०० ची लेन्स घेतली तर ३०० भागिले १५ म्हणजे वीस, गुणिले ०.१६, म्हणजे ३.२ मिलिमीटर. चौकटीचा पाचवा हिस्सा. ५०० घेतली तर ५.३, म्हणजे तिसरा हिस्सा. इथे प्रत्येक मिलिमीटर कामाला येतो. आणि हिवाळ्यात ग्वारीघाटावर नावेभोवती शेवेसाठी घिरट्या घालणारे कुरव? त्यांना लांबची लेन्स लावूच नका, तुमच्या डोक्यावरून जातात ते. किट लेन्स पुरते.

पन्ना राष्ट्रीय उद्यानात धुंधवा सेहा म्हणून एक दरी आहे. तिथल्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने या पक्ष्यांचा आपल्या देशात जवळजवळ नायनाट केला. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली तोवर फार थोडी उरली होती. त्यामुळे तिथे घरट्याच्या जवळ जाणे हा विषयच नाही. समजा २०० मीटरवर ९० सेंटिमीटरचे गिधाड बसले आहे. ६०० च्या लेन्सनेसुद्धा ते २.७ मिलिमीटरच येते, चौकटीचा सहावा हिस्सा. पण आजच्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात तेवढ्या २.७ मिलिमीटरमध्येही सुमारे ७०० ठिपके असतात. पोस्टकार्डाएवढा फोटो कापून निघतो. तेव्हा सहावा हिस्सा मिळाला तर निराश होऊ नका.

चंद्राचे गणित तर आणखी सोपे. चंद्र कितीही लांब असला तरी त्याचे चित्र लेन्सच्या मिलिमीटर भागिले ११० एवढे उमटते. ५०० च्या लेन्सवर साडेचार मिलिमीटर. हात पूर्ण लांब करून करंगळी धरलीत तर तिचे नख साधारण चंद्राच्या दुप्पट रुंद दिसते. मी जागेवर अंतर मोजता आले नाही की हाच उपाय करतो. पक्षी अर्ध्या करंगळीत मावतो आहे का? मग तो चंद्राएवढा, म्हणजे माझ्या लेन्सवर एवढा येणार.

रेल्वेवाल्यांसाठी अंतराचे आणखी एक माप फुकट उपलब्ध आहे. विजेच्या मार्गावर सरळ भागात ओएचईच्या दोन खांबांमधले अंतर जास्तीत जास्त ७२ मीटर असते, वळणावर त्याहून कमी. तीन गाळे मोजले की दोनशेच्या आसपास. कुंपणाच्या बाहेर रस्त्यावर उभे राहूनही हे मोजता येते, आणि तिथूनच मोजायचे. असे का म्हणतो ते आता सांगतो, कारण आजच्या भाषणात मला खरे सांगायचे आहे ते हेच.

चार वर्षांपूर्वी एका दुहेरी मार्गावर आमचे काम चालू होते. दुपारची वेळ. आमच्या कीमनला लांबून दिसले की अपच्या रुळांच्या मधोमध एक मुलगा उभा आहे, तोंड डाऊनच्या बाजूला, डोळ्याला कॅमेरा. समोरून डाऊनची मालगाडी येत होती आणि तो तिचा फोटो काढत होता. त्याच वेळी त्याच्या पाठीमागून अपची गाडी निघालेली. मालगाडीच्या खडखडाटात त्याला ना आमची शिट्टी ऐकू येत होती ना त्या गाडीचा हॉर्न. कीमन सत्तावन्न वर्षांचा माणूस, निवृत्तीला तीन वर्षे उरलेली. तो धावत गेला आणि त्या मुलाला कॉलरला धरून त्याने खडीवर ओढले. दोघांचे गुडघे फुटले. गाडी गेली. नंतर बराच वेळ कीमन खाली बसून होता, पाणी दिले तरी पीत नव्हता.

मुलगा चांगल्या घरचा, कॉलेजात शिकणारा. त्याला रागावायला तिथे माणसे पुष्कळ होती, म्हणून मी फक्त त्याचा कॅमेरा पाहिला. १८ ते ५५ ची किट लेन्स. आता आपला भागाकार लावा. इंजिन सुमारे चार मीटर उंच. ते चौकटीच्या निम्म्या उंचीचे, म्हणजे आठ मिलिमीटर यावे अशी साधी अपेक्षा धरू. त्यासाठी मीटरला दोन मिलिमीटर हवेत. ५५ भागिले २, म्हणजे साडेसत्तावीस मीटर. त्या लेन्सने त्याला हवा तसा फोटो मिळवायचा तर इंजिन साडेसत्तावीस मीटरवर येईपर्यंत थांबायला हवे. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. म्हणजे त्याच्या लेन्सने त्याला दिलेला वेळ होता एक सेकंद.

हाच फोटो २०० च्या लेन्सने १०० मीटरवरून येतो आणि ३०० च्या लेन्सने १५० मीटरवरून. १५० मीटरवर रुळांत उभे राहा असे मी मुळीच म्हणत नाही. रुळांत कुणीच उभे राहायचे नाही. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सांगायचे आहे ते हे, की १५० मीटर मिळाले की तुम्हाला रुळांजवळ जायचे कारणच उरत नाही. वळणाच्या बाहेर कुंपणापलीकडचे शेत, रस्त्याच्या उड्डाणपुलाचा पदपथ, अशा जागा शोधता येतात. दूरची लेन्स ही दूरच्या वस्तूला जवळ आणण्यासाठी असते असे आपण म्हणतो. मी ती स्वतःला दूर ठेवण्यासाठी विकत घेतली आहे, आणि कॉलनीतल्या ज्या मुलांना गाड्यांचा नाद आहे त्यांच्या वडिलांना मी हेच सांगतो, की मुलाला कॅमेरा देणार असाल तर आधी ५५ च्या पुढची लेन्स द्या.

उड्डाणपुलाचा विषय निघालाच आहे तर एक सूचना. खालून २५ हजार व्होल्टची तार जाते. तिच्यापासून दोन मीटरच्या आत माणसाने किंवा त्याच्या हातातल्या कुठल्याही वस्तूने जायचे नाही. धातूचा मोनोपॉड किंवा सेल्फीची काठी पुलाच्या जाळीतून खाली सोडू नका. हात लागायलाच हवा असे नाही.

गाडीच्या फोटोत आणखी दोन गमती आहेत. पहिली हलण्याची. २०० मीटरवरून २०० च्या लेन्सने, आडव्या जाणाऱ्या गाडीचा फोटो सेकंदाच्या हजाराव्या भागात काढला, तरी तेवढ्यात गाडी २.८ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. सेन्सरवर ते सात ठिपके होतात, आणि डब्यावरची अक्षरे पुसट येतात. लोक लेन्सला दोष देतात. गाडी समोरून तिरकी येत असेल तर हे खूप कमी होते. म्हणून वळणाची जागा. दुसरी गंमत अशी, की लांबच्या लेन्सने सरळ रुळाचा फोटो काढला की रूळ नागमोडी दिसतात. असे फोटो घेऊन लोक माझ्याकडे येतात, "साहेब, हा बघा तुमचा ट्रॅक!" अहो, दूरवरून पाहिले की अर्धा किलोमीटरची लांबी दोन बोटांत दबते आणि आडवा बारीकसा फरकही ठळक होतो. आम्ही ट्रॅकवर खाली वाकून रुळाच्या माथ्याशी डोळा नेऊन जे पाहतो ते याच युक्तीने. फोटोतले वळण हा लेन्सचा गुण नव्हे, तुम्ही उभे असलेल्या जागेचा आहे. त्याच जागेवरून छोट्या लेन्सने काढलेला फोटो कापून मोठा केलात तरी रूळ तसेच नागमोडी दिसतील. तक्रार करण्यापूर्वी एवढे करून पाहा.

दूर राहण्यावरून भेडाघाटही सांगायलाच हवा. संगमरवरी कड्यांना लटकलेली आग्या मधमाश्यांची पोळी आपण सगळ्यांनी नावेतून पाहिली आहेत. १८५९ साली रेल्वेच्या पुलासाठी तिथे पाहणी करणारे बॉडिंग्टन नावाचे इंजिनिअर या माश्यांच्या हल्ल्यातून वाचण्यासाठी पाण्यात उतरले आणि बुडून गेले. आमच्याच खात्यातले म्हणायचे. आजही पुलांच्या गर्डरवर अशी पोळी असतात, आणि तपासणीच्या आधी मी खालून ३०० च्या लेन्सने फोटो काढून मोठा करून पाहतो. ३० मीटरवर ही लेन्स मीटरला दहा मिलिमीटर देते, पोळे जिवंत आहे की सोडलेले ते स्पष्ट कळते. गँगला वर पाठवायचे की नाही ते मग ठरवतो.

आता उजेड. इथपर्यंत फक्त मोठे-लहान पाहिले, पण फोटो उजेडाने काढतात. लेन्सवर एफ २.८, एफ ५.६ असे आकडे असतात, त्यांत लहान आकडा म्हणजे जास्त उजेड. एफ २.८ ची लेन्स एफ ५.६ च्या चौपट उजेड घेते. पण त्याची किंमत वजनात आणि पैशात मोजावी लागते. ५०० मिलिमीटरला ४ ने भागा, १२५ येते. म्हणजे त्या लेन्सची समोरची काच किमान १२५ मिलिमीटर व्यासाची, आपल्या फुलपात्राच्या तोंडापेक्षा बरीच मोठी. ती घडवणे, घासणे, सांभाळणे महाग. म्हणून ६०० एफ ४ ची लेन्स दहा लाखांच्या वर जाते आणि १५० ते ६०० ची, टोकाला एफ ६.३ असलेली लेन्स लाखाच्या आगेमागे मिळते. फरक कंपनीच्या नावाचा नाही, काचेचा आहे.

आपल्या याच सभागृहातल्या कार्यक्रमाचे उदाहरण घ्या. परवा बालगोपाळांच्या नाटुकल्याच्या वेळी सहा-सात पालक ७० ते ३०० ची लेन्स लावून मागे उभे होते आणि नंतर सगळ्यांची एकच तक्रार, फोटो हलले. मागच्या रांगेपासून स्टेज २० मीटर. मूल १.२ मीटर. २०० वर ते १२ मिलिमीटर येते, आकाराला उत्तम. पण तिथे ती लेन्स जेमतेम एफ ५ ते ५.६ देते, आणि आपल्या स्टेजवरचे दिवे म्हणजे तुम्हाला माहीत आहेतच. वर्गणी वाढवा म्हणजे तेही सुधारतील! इथे ८५ ची एफ १.८ ची छोटी लेन्स घ्या. मूल पाचच मिलिमीटर येईल, पण उजेड एफ ५.६ च्या जवळजवळ दहापट. कापून मोठा केलेला स्थिर फोटो हा मोठ्या पण हललेल्या फोटोपेक्षा केव्हाही बरा. किंवा सरळ पुढच्या रांगेत जाऊन बसा. वहिनी जागा देतील.

लेन्समध्ये जी थरथर रोखण्याची सोय असते, तिच्याविषयी एकच सांगतो. ती तुमच्या हाताची थरथर थांबवते. नाचणाऱ्या मुलाला आणि उडणाऱ्या पक्ष्याला थांबवत नाही. त्यासाठी शटर वेगवान हवे, आणि त्यासाठी पुन्हा उजेड.

उजेड आहे, लेन्स आहे, तरी फोटो धूसर, अशी तक्रार मे महिन्यात येते. त्याचे उत्तर माझ्या नोकरीत आहे. उन्हाळ्यात दुपारी आपल्याकडे रुळाचे तापमान ६० अंशांच्या वर जाते. रूळ ठरावीक तापमानापेक्षा २० अंशांनी जास्त तापला की आम्हाला उष्णतेची खास गस्त सुरू करावी लागते. त्या रुळांवरची आणि खडीवरची हवा उकळत्या पाण्यासारखी हलत असते. तिच्यातून ३०० मीटरवरचे इंजिन दहा लाखांच्या लेन्सनेही लिबलिबीतच दिसणार. डांबरी रस्ता, वाळूचे पात्र, बरगीच्या धरणाची भिंत, सगळीकडे तेच. लेन्स बदलू नका, घड्याळ बदला. सकाळी नऊच्या आत काय ते उरका.

आता छोट्या सेन्सरच्या मोठ्या झूमविषयी, कारण निकॉनचा पी९०० आपल्यातल्या तिघांकडे आहे. २०१५ चा हा कॅमेरा, आणि २०१८ चा त्याचा थोरला भाऊ पी१०००. पी९०० वर २००० मिलिमीटर लिहिलेले असते, पण ते तुलनेचे माप आहे. त्याची खरी फोकल लेंथ टोकाला ३५७ आहे. मग चंद्र एवढा मोठा कसा येतो? कारण सेन्सर जेमतेम सहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार उंच. चंद्र ३५७ भागिले ११०, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. चौकट जवळजवळ भरली. यात फसवणूक काही नाही. भर उन्हात बसलेला पक्षी, चंद्र, लांबचे मंदिर यांसाठी तो उत्तम आणि पैशाच्या मानाने फारच उत्तम. संध्याकाळचे जंगल आणि उडता पक्षी यांत मात्र तो दमतो. ज्यांना वर्षातून दोनदा कान्ह्याला आणि एकदा कोकणात जायचे आहे त्यांनी असा कॅमेरा घ्यावा आणि लेन्सच्या फंदात पडू नये, हे माझे मत मी इथे जाहीरपणे सांगतो.

ज्यांना लेन्सच घ्यायची आहे त्यांनी सुरुवात ७० ते ३०० ने करावी. वर्षभर वापरून आपले फोटो पाहावेत. बहुतेक सगळे ३०० वरच काढलेले असतील आणि कापूनही लहान पडत असतील, तर पुढे जा. १५० ते ६०० च्या गटातल्या लेन्स दोन किलोच्या आसपास असतात. एक किलोच्या साखरेच्या दोन पिशव्या हातात घेऊन पंधरा मिनिटे डोळ्याच्या उंचीवर धरून पाहा, मग पैसे द्या. मिररलेस कॅमेरे असलेल्यांना हलका पर्यायही आहे. कॅननची २०२० ची ६०० एफ ११ किलोभराच्या आत बसते, पण एफ ११ म्हणजे ती सूर्यावर जगणारी लेन्स. टेलिकन्व्हर्टर लावून ३०० ची ४२० करता येते, पण १.४ पटीच्या तुकड्याने उजेड निम्मा होतो आणि २ पटीच्या तुकड्याने पाव. झूम लेन्सवर तो लावू नये असे माझ्यापुरते ठरले आहे.

तिपाई सगळे घेतात आणि घरी ठेवतात. त्यापेक्षा जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवा, चेन लावा, प्रवासात रिकामी न्या आणि तिथे पोचल्यावर दोन किलो तांदूळ भरा. जिप्सीच्या दांड्यावर, घाटाच्या कठड्यावर लेन्स तिच्यावर निवांत बसते. परत येताना तांदूळ शिजवून खाता येतात.

जुनी लेन्स घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च मागून मारून आतून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात ती वाढतेच. लेन्स कपाटात कपड्यांमागे ठेवू नका. झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसह ठेवा, आणि ते जेल महिन्यातून एकदा तापवून कोरडे करा.

भाषणानंतर काही प्रश्न आले, त्यांची उत्तरे इथे देतो. एका काकांनी विचारले की फोनवर १०० एक्स लिहिलेले असते ते काय. त्यातला काही भाग खऱ्या काचेचा, बाकीचा फोटो कापून ताणण्याचा आणि आता संगणकाने रंगवण्याचाही. घरी दाखवायला ठीक. गर्डरमधली भेग पाहायला मी तो वापरणार नाही, कारण तिथे जे नाही ते दिसलेले आणि जे आहे ते पुसलेले मला परवडत नाही.

एका सहकाऱ्याने विचारले की पीएफमधून पैसे काढून ६०० घ्यावी का. मी त्यांना विचारले, पक्षी बघायला महिन्यातून किती वेळा जाता? म्हणाले, अजून गेलो नाही. त्यांना मी माझी दुर्बीण दिली आहे. दोन महिने झाले, ते दर रविवारी सकाळी खंदारीकडे दिसतात आणि दुर्बीण अजून परत आलेली नाही.

शेवटचा प्रश्न मागच्या रांगेतल्या एका मुलीचा होता. तिने विचारले, विसर्जनाच्या मिरवणुकीत बाप्पाचा फोटो काढायला कोणती लेन्स? तिला म्हटले, तुझ्या बाबांच्या कॅमेऱ्यावर आहे तीच, १८ वर. तिथे दूर जायचे नाही. माझी ३०० ची लेन्स चालवून पाहायची असेल त्यांनी अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी सकाळी सातला घाटावर यावे. येताना मोजपट्टी आणा, आपण खंड्याचे अंतर मोजू. लेन्स एकच आहे, तेव्हा रांगेने.